तीन मिलिमीटरची वाडी

नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुटते तेव्हा ती सरकारी नकाशाच्या ४७ ई/८ या तावावर असते, आणि वर पोचते तेव्हा ४७ एफ/५ या तावावर. १९ अंश उत्तर अक्षांशाची रेषा नेरळ आणि माथेरान यांच्यामधून जाते आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा कागद नेमका तिथे कापला जातो. त्यातच ७३ अंश १५ मिनिटांची रेखांशाची रेषा माथेरानच्या पश्चिम उतारालगत उभी आहे. तिच्या पलीकडे प्रबळगड आणि पनवेलची बाजू, म्हणजे ४७ एफ/१. वायव्येला ४७ ई/४. अशा चार तावांचा कोपरा या एका डोंगराच्या कुशीत येतो. माथेरानचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत, चारही अंगांनी पाहायचा तर चार कागद शेजारी शेजारी मांडून कडा जुळवाव्या लागतात.

गिरिभ्रमण करणाऱ्यांना आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हे ताव ‘टोपोशीट’ म्हणून ठाऊक आहेत. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. एका तावात साधारण सव्वासातशे चौरस किलोमीटर मुलूख मावतो. तपकिरी समोच्च रेषा दर वीस मीटर उंचीला एक, जंगल हिरवे, शेती पिवळी, वस्ती आणि रस्ते लाल, बारमाही पाणी निळे. पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे मात्र काळ्या रेषांनी दाखवतात. माथेरानच्या चहूबाजूंना अशा काळ्या रेषांचे जाळे आहे. पूर्वेकडचे पाणी उल्हास नदीला मिळते, पश्चिमेचे गाढी नदीतून पनवेलच्या खाडीकडे जाते, दक्षिणेचे पाताळगंगेच्या खोऱ्यात उतरते. कागदावर बारीक दिसणाऱ्या या काळ्या रेषा जुलैत काय करतात, ते या डोंगराच्या पदरात राहणाऱ्याला विचारावे.

हा नकाशा इथवर कसा आला ते आधी सांगायला हवे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ साली बंगालमध्ये सुरू झाला. कंपनी सरकारला महसूल वसूल करायचा होता, फौजा हलवायच्या होत्या, आणि दोन्हींसाठी मुलूख मोजलेला हवा होता. पुढे १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट इथे पायारेषा मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत साऱ्या उपखंडाचे मोजमाप सुरू झाले. टेकडीवर खूण बांधायची, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यावरून वर न्यायचा, दुसऱ्या टेकडीवरची खूण दुर्बिणीतून पकडायची आणि कोन मोजायचा. एक बाजू साखळीने मोजलेली असली की बाकीच्या बाजू गणिताने निघतात. लॅम्बटन हे काम करता करताच २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या किती वाचकांनी ती पाहिली असेल कोण जाणे, पण ज्या कामातून पुढे एव्हरेस्टची उंची निघाली त्याचा मूळ पुरुष आपल्या मातीत निजला आहे, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवे.

कोकणात मोजणीचे मोठे काम थॉमस बेस्ट जर्व्हिस या अधिकाऱ्याने केले. पेशवाई बुडाल्यावर लगेच, १८१९ पासून दशकभर तो दक्षिण कोकण मोजत आणि तिथल्या लोकांची, पिकांची, व्यापाराची माहिती गोळा करत फिरला. जॉर्ज एव्हरेस्टनंतर सर्वेक्षण विभागाचा प्रमुख म्हणून त्याचेच नाव ठरले होते, पण ते पद त्याला मिळाले नाही. साहेबांची नावे कागदोपत्री राहिली. ओझी वाहणारे खलाशी, रात्रभर टेकडीवर दिवा धरून बसणारे, जंगलातल्या तापाने गेलेले, झाडी तोडून दृष्टीची वाट मोकळी करणारे, त्यांची नावे मात्र कुठेही नाहीत.

माथेरानची उंची ८०० मीटरच्या आसपास म्हणतो, ती कशापासून मोजलेली? समुद्रापासून. तो समुद्रही ठरवावा लागतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवणारे यंत्र आहे. १९०९ साली देशाच्या किनाऱ्यावरच्या नऊ बंदरांमधल्या अशा नोंदींवरून सरासरी समुद्रसपाटी निश्चित केली गेली. मुंबई त्यातले एक बंदर. तिथून पातळीयंत्राने पायरी पायरीने उंची आत आणली आणि वाटेत दगडावर ‘जी.टी.एस. बी.एम.’ (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, बेंच मार्क) अशी अक्षरे कोरली. जुन्या सरकारी इमारतींच्या पायरीवर, पुलांच्या कठड्यावर ही अक्षरे अजून सापडतात. रस्ते रुंद करताना असे दगड फुटतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माथेरानच्या इतिहासात १८५० हे साल ठळक लिहिलेले असते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट त्या वर्षी मे महिन्यात चौकहून वर चढला आणि त्याने ही जागा ‘शोधली’, असे पुस्तके सांगतात. ठाकर, कातकरी आणि धनगर लोक तिथे पूर्वीपासून वावरत होते, त्यांच्याच पायवाटांनी तो वर गेला. त्यानंतर मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याच्या काळात बंगले उठले, रस्ते आखले गेले आणि डोंगराच्या प्रत्येक टोकाला नाव मिळाले. लुईझा, अलेक्झांडर, गार्बट, पॅनोरमा, पॉर्क्युपाइन, वन ट्री हिल. ही सगळी नावे माथ्यावरच्या कडेची आहेत, म्हणजे बसून दरी पाहायच्या जागांची. माथेरानचा नकाशा माथ्यावरून आखला गेला आणि त्यात माथाच भरून राहिला.

उतार कागदावर नीट उतरला तो रेल्वेमुळे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळ-माथेरान मार्ग बांधला. दोन फुटी रूळ, वीस फुटांना एक फूट असा कमाल चढ. नेरळ ते माथेरान सरळ रेषेत सात किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि गाडी त्यासाठी वीस किलोमीटर फिरते, कारण तिला समोच्च रेषांच्या कलाने वळणे घेत चढावे लागते. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही मधली स्थानके उतारावर आहेत. जुम्मापट्टीला उतरून इकडे तिकडे पाहिले तर माथ्यावरून न दिसणारा डोंगर दिसतो. खाली कडा, मग रुंद पदर, त्यावर भातखाचरे आणि घरे, मग पुन्हा कडा. आसलवाडी, बेकरेवाडी आणि अशा कितीतरी वाड्या या पदरांवर वसल्या आहेत.

हे पदर का तयार झाले ते खडक सांगतो. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरले. आज उरलेला भागच पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. माथेरान हा त्याच थरांचा सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून तुटून उरलेला तुकडा; माथ्यावरची तांबडी धूळ जांभ्याची. लाव्हाच्या एका प्रवाहाचा मधला भाग घट्ट असतो, तो झिजत नाही आणि त्याचा उभा कडा होतो. वरचा भाग बुडबुड्यांनी पोकळ झालेला असतो, तो लवकर कुजतो आणि तिथे सपाट पायरी पडते. दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा थर सापडतो, भूवैज्ञानिक त्याला रेड बोल म्हणतात. घट्ट खडकाच्या भेगांतून उतरलेले पाणी या थरापाशी अडते आणि आडवे चालत झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणजे पदरावर सपाटी आहे, वरच्या कड्यावरून घसरून साठलेली खोल माती आहे आणि उन्हाळ्यातही टिकणारा झरा आहे. माणूस तिथे घर बांधणारच. ठाकरांनी ही जागा अडाणीपणाने निवडली असे कुणी म्हणत असेल तर त्याला डोंगर कळलेला नाही.

पण तेच पाणी आणि तीच साठलेली माती घाताचेही कारण आहे. अतिवृष्टीत मातीच्या पोटात पाणी भरते, खालचा घट्ट खडक ते आत घेत नाही, आणि उतारावरची माती दगडांसकट सुटते. जगायला उत्तम आणि राहायला धोक्याची, अशी एकच जागा असू शकते. या भागाचे भूविज्ञान थोडक्यात हेच आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण हे खाते १८५१ सालचे. थॉमस ओल्डहॅम ४ मार्च १८५१ रोजी कलकत्त्यात रुजू झाला तो मुख्यतः कोळशासाठी. दख्खनच्या काळ्या पाषाणात कोळसा नाही, त्यामुळे इथे घाई नव्हती. त्याआधी १८३३ मध्ये कर्नल विल्यम साइक्सने दख्खनच्या या थरांवर लंडनच्या भूविज्ञान परिषदेसाठी निबंध लिहिला होता, आणि १८६७ मध्ये विल्यम ब्लॅनफर्डने खात्याच्या ग्रंथमालेत पश्चिम आणि मध्य भारतातल्या या खडकांचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर बराच काळ नकाशावर अख्खा दख्खन एकाच रंगात रंगवलेला असे. एक प्रवाह दुसऱ्यापासून वेगळा काढायचा कसा, हाच प्रश्न होता, कारण डोळ्यांना सगळे काळेच दिसते.

तो सुटला गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि इथे कर्जत तालुक्याचे नाव जगाच्या पुस्तकात गेले. १९८६ साली अमेरिकेतले पीटर हूपर, मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनी घाटरस्त्यांवरून दगडांचे नमुने घेतले, रसायन तपासले आणि सह्याद्रीतल्या लाव्हाची क्रमवारी लावली. तळापासून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. कॅलिफोर्नियात किंवा लंडनमध्ये दख्खनवर व्याख्यान होते तेव्हा नेरळ आणि ठाकूरवाडी ही नावे उच्चारली जातात. खात्याच्या भूवैज्ञानिकांनी दुसरी वाट धरली. त्यांनी डोंगर पायांनी चढत, प्रवाह डोळ्यांनी ओळखत, १:५०,००० च्या टोपोशीटवर रेषा काढल्या. गोडबोले, राणा आणि नातू यांनी १९९६ मध्ये पश्चिम महाराष्ट्राची जी क्रमवारी मांडली तिच्यात साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ले, दिवेघाट, पुरंदरगड अशी नावे आहेत. प्रयोगशाळेची क्रमवारी आणि पायांची क्रमवारी, दोन्ही आज वापरात आहेत. मला दुसरीविषयी जास्त ममत्व वाटते. पावसाळा संपला की पाठीवर हातोडा आणि नमुन्यांची पिशवी घेऊन एकेक सोंड चढणाऱ्या या माणसांनी महाराष्ट्राची सगळ्यांत मोठी सेवा केली आणि त्यांना ओळखणारा मराठी वाचक क्वचित सापडतो.

कर्जत-खालापूर पट्ट्यात ठाकूरवाडी नावाच्या वस्त्या एक नाही, अनेक आहेत. त्यातल्या एकीचे नाव खडकाला मिळाले. बाकीच्यांचे काय?

१९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात, चौकजवळ, इर्शाळगडाच्या माचीवर इर्शाळवाडी होती. वर नेढे असलेला सुळका, खाली मोरबे धरणाचे पाणी, जे नवी मुंबईच्या नळांना जाते. किल्ला पाहायला जाणारे कितीतरी जण या वाडीत थांबलेले, तिथे भाकरी खाल्लेले आहेत. तीन दिवस सलग मुसळधार पाऊस होता. रात्री अकराच्या सुमारास वरच्या उतारावरून माती-दगडांचा लोंढा वाडीवर आला. वाडीत २२८ लोक होते. १४४ वाचले. २७ मृतदेह मिळाले. ५७ जणांचा शोध २३ जुलैला थांबवण्यात आला आणि ते त्याच मातीत राहिले. गाडीरस्ता नसल्याने यंत्रे वर नेता आली नाहीत. जवान, गिरिभ्रमण संस्थांचे कार्यकर्ते आणि आसपासच्या वाड्यांमधली माणसे फावड्यांनी आणि हातांनी माती उपसत होती.

दुसऱ्या दिवशी विधिमंडळात सरकारने सांगितले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ते खरे होते, आणि त्या खऱ्याचाच विचार करायला हवा.

यादी होती. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या, त्यानंतर पाहणी झाली. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाडले गेले, १५१ माणसे गेली. त्याच वर्षी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडींच्या शक्यतेचे देशव्यापी नकाशे काढायला घेतले आणि सुमारे ४ लाख ३० हजार चौरस किलोमीटर डोंगराळ मुलूख त्यात आणला. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये तळीये गेले, ऐंशीहून अधिक माणसे दगावली. रायगड जिल्ह्यात शंभरहून अधिक गावे दरडप्रवण ठरली. या कामाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. एवढा मोठा देश पायाखाली घालून, उतार, खडक, माती, झाडोरा आणि पाण्याच्या वाटा जमेस धरून प्रत्येक उताराला ‘उच्च, मध्यम, कमी’ असा दर्जा देणे हे डोंगराएवढे काम होते आणि ते पूर्ण झाले.

अडचण प्रमाणात आहे. तो देशव्यापी नकाशा १:५०,००० चा आहे. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. पन्नास घरांची वाडी दीडशे मीटरांत मावते, म्हणजे तीन मिलिमीटर. समोच्च रेषा वीस मीटरला एक, म्हणजे घरामागचा दहा मीटरचा उभा कडा दोन रेषांच्या मध्ये दिसेनासा होऊ शकतो. वाडीच्या वर साठलेली मातीची रास, गेल्या पावसाळ्यात पडलेली भेग, अचानक गढूळ झालेला झरा, यातले काहीही या कागदावर उमटू शकत नाही. डोंगर धोक्याचा आहे एवढे तो सांगतो. कोणते घर हलवायचे हे सांगणे त्याच्या ताकदीबाहेरचे आहे. शिवाय यादी गावांची होते, आणि महसुली गाव खाली सपाटीला असते, वाडी त्याची एक दूरची शाखा म्हणून वर राहते. गावाच्या नावाने धोका मोजला तर वाडी त्यात सापडत नाही.

वाडी नकाशातून निसटण्याचे आणखी एक कारण आहे. किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले टोपोशीट अनेक दशके सुरक्षेच्या नावाखाली प्रतिबंधित होते. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतल्या भूगोल आणि भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या अंगणातल्या डोंगराचा नकाशा सहजी मिळत नसे. ग्रामपंचायतीला तो मिळण्याचा प्रश्नच नव्हता. २००५ च्या नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी मालिका आणली, फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम पुष्कळ सैल झाले, डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. आज भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर कोणीही नेरळच्या खडकाचा नकाशा पाहू शकतो. दार उघडले, पण आतली भाषा अजून खात्याची आहे. तिथले शब्द मराठीत आणून वाडीतल्या माणसाच्या हाती देणारी यंत्रणा नाही.

२४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली आणि सर्वेक्षण विभागाचे ड्रोन गावठाणे मोजू लागले. त्याआधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत याचा प्रयोग झाला होता. ड्रोनच्या मोजणीत काही सेंटिमीटरची अचूकता येते. तंत्र आपल्याकडे आहे, माणसे आहेत, विमाने आहेत. पण योजनेचा भर मिळकतीच्या हक्कावर आणि म्हणून गावठाणावर आहे. वनजमिनीच्या कडेला, डोंगराच्या पदरात असलेली वाडी पुष्कळदा गावठाणात धरलेलीच नसते. माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटर टापू ४ फेब्रुवारी २००३ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला, त्याची हद्द काटेकोर आखली गेली. जंगलाची हद्द मोजता येते, पर्यटकांच्या बंगल्याची मोजता येते, तर वाडीवरचा उतार का नाही?

१९ जुलै २०२४ रोजी, इर्शाळवाडीला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राचे उद्घाटन झाले. पावसाच्या अंदाजावरून जिल्ह्याजिल्ह्यांना इशारे देण्याचे हे काम मोलाचे आहे. मात्र जिल्ह्याला दिलेला इशारा वाडीत पोचल्यावर त्याचे काय करायचे हे वाडीला आधी ठाऊक हवे. कोणत्या घरांनी निघायचे, कोणत्या वाटेने, कोणत्या सोंडेवर थांबायचे. हे १:५०,००० चा कागद सांगत नाही. १:५,००० चा सांगू शकतो. त्यात एक मिलिमीटर म्हणजे पाच मीटर, त्यात घर दिसते, झरा दिसतो, भेग दाखवता येते. असे मोठ्या प्रमाणाचे नकाशे काढण्याची पद्धत भूवैज्ञानिकांकडे आहे, निवडक ठिकाणी ते काढतातही.

अर्थात सगळा डोंगर त्या प्रमाणात काढायचा तर शंभरपट कागद लागेल, हे मान्य. पण सगळा डोंगर काढायची गरज नाही. ज्या पदरावर माणसे राहतात तो आणि त्याच्या वरचा उतार, एवढाच. त्या नकाशाला वाडीतली म्हातारी माणसे लागतील. कोणता ओढा पूर्वी कुठून वाहायचा, कोणत्या साली कुठली दरड सुटली, कोणती झाडे कललेली आहेत, हे ज्ञान ठाकर आणि कातकरी घरांत आहे, आणि ते थिओडोलाइटला दिसत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मोजणीच्या तुकड्यांनी वाटाड्या म्हणून या लोकांना पुढे चालवले. आता त्यांना मोजणीच्या टेबलाशी बसवायला हवे, मजुरी देऊन आणि नाव लिहून.

राज्य सरकारकडे माझी मागणी एवढीच आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या, डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीचा १:५,००० चा उतार-नकाशा भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि सर्वेक्षण विभाग यांच्याकडून काढून घ्यावा, तो मराठीत छापावा, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक वाडीच्या शाळेत किंवा अंगणवाडीत भिंतीवर लावावी. या भागात भटकणाऱ्या वाचकांनीही पुढच्या वेळी वर जाताना भेगा, ताजी पडझड, गढूळ झरे यांची छायाचित्रे तारखेसह काढून तहसील कार्यालयाला पाठवावीत. पावसाळा दर वर्षी जूनमध्ये येतो. हे काम त्याआधीच्या उन्हाळ्यात व्हायला हवे.